उबेचं भाडं

निवृत्त झालेल्या माणसाला बरेच शोध लागतात. मला लागलेला पहिला शोध असा, की आमचं घर दिवसा थंड असतं. चौतीस वर्षं बँकेत गेली. सकाळी साडेनऊला घर सोडायचं आणि दिवेलागणीला परतायचं. मधल्या वेळात घराचं काय होतं, याची चौकशी करायची वेळ कधी आली नाही. ऑक्टोबरअखेर हातात नारळ पडला, नोव्हेंबर अंगणात ऊन खात गेला, आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता हॉलमध्ये पेपर वाचता वाचता अशी वेळ आली, की पायाची बोटं जागेवर आहेत का हे वाकून बघावं लागलं. होती. जांभळी होती.

"अगं, आपल्या हॉलमध्ये एवढी थंडी कधीपासून?" मी ओरडून विचारलं.

"ब्याण्णव सालापासून," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "मी ह्या घरात आले तवापासून हायच की."

आम्ही कॅम्पात राहतो. बेळगावच्या माणसाला एवढं सांगितलं की तो लगेच हळहळतो, "तिकडं गारठा जास्त की हो." बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला पाहिजे. १८१८ साली मन्रोसाहेबानं बेळगावचा किल्ला घेतला, १८३२ साली इथं छावणी बसली, आणि त्या छावणीला आम्ही तेव्हापासून कॅम्प म्हणतो. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंची, उन्हाळ्यातही संध्याकाळचा वारा. घरची आठवण काढून हळवा होणारा साहेब इथं रमला यात नवल नाही. आमचे लोक या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. म्हणणाऱ्यांत खरोखरचे गरीब किती आणि महाबळेश्वर पाहिलेले किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

साहेबानं बंगले बांधले ते मात्र एप्रिल-मे डोळ्यांपुढं ठेवून. भिंती दीड हात जाडीच्या, छत सोळा फुटांवर, वर मंगळुरी कौलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि पुढं अख्ख्या पश्चिम किनाऱ्याच्या डोक्यावर तीच लाल टोपी बसली. आमच्या डोक्यावरची कौलं त्याच घराण्यातली. उन्हाळ्यात ती फार गुणाची. हिवाळ्यात गंमत अशी होते, की ऊब वर जाते हे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि ती जाऊन थांबते कुठं हे आमच्या मांजराला माहीत असतं. नोव्हेंबर लागला की ते माळ्यावर मुक्काम हलवतं. बारा फुटांवरून ते खाली आमच्याकडे बघतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत घरमालकाचे भाव असतात.

सकाळी सहाला मी मफलर, माकडटोपी आणि वर शाल अशा थाटात फाटकाशी उभा राहतो. समोरून मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली पोरं पळत जातात. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, आणि उघड्या दंडांतून वाफ निघत असते, जशी इडलीपात्राचं झाकण काढल्यावर निघते. एकदा त्यांच्या उस्तादानं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी नकळत माकडटोपी काढून खिशात ठेवली. दुपारपर्यंत शिंका.

या गावाच्या थंडीला मी जो मान देतो, त्याला आणखी एक कारण आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी उभ्या आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते बेळगावात. टिळकवाडीकडची काँग्रेस विहीर अजून लोकांना दाखवतात. आता तारखा बघा. पंचा नेसायचं त्यांनी ठरवलं सप्टेंबर १९२१ मध्ये, आणि ठरवलं मदुराईला. मदुराईत घेतलेला निर्णय बेळगावच्या डिसेंबरात पाळणं, याला मी सत्याग्रह म्हणतो.

माझ्यात तेवढी ताकद नाही. म्हणून त्या मंगळवारी मी आरामखुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराकडे निघालो. ही आरामखुर्ची निरोप-समारंभात स्टाफनं दिलेली. "आता निवांत बसा, साहेब," असं म्हणाले होते. कुठं बसा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराचाही इतिहास आहे. साहेबाला जेवण पाहिजे असायचं, पण ते शिजताना होणारा धूर, वास आणि आवाज नको असायचे. म्हणून बावर्चीखाना बंगल्यापासून सुटा, मागच्या अंगाला. खानसाम्यानं तिथं रांधायचं, नोकरानं झाकून आणायचं, आणि साहेबानं सोळा फुटी छताखाली बसून कोमट सूप प्यायचं. म्हणजे भर थंडीत अख्ख्या बंगल्यात शेकत बसलेला माणूस एकच, तो म्हणजे खानसामा. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मडमांनी १८८८ साली हिंदुस्थानातल्या घरकारभारावर जाडजूड पुस्तक लिहिलं. मडमेनं रोज स्वयंपाकघराची पाहणी करावी, असा त्यात उपदेश आहे. हिवाळ्यात या पाहण्या बऱ्याच लांबत असणार, असा माझा अंदाज.

पुढं या बंगल्याचे चार तुकडे झाले, आणि आमच्या वाट्याला मागचा तुकडा आला. दोन खोल्या, एक हॉल आणि तो जुना बावर्चीखाना. मधल्या उघड्या जागेवर कुणा मालकानं पत्रा टाकून बोळ केलाय. हॉलपासून स्वयंपाकघर बावीस पावलं. मी मोजलीत, कारण आता वेळ आहे. त्या बोळातून खानापूरकडचा वारा असा येतो, की हातातला चहा निघतो गरम आणि पोचतो कोमट. साहेबाचं सूप आम्ही असं शंभर वर्षांनी पीत असतो.

पण आत पाऊल टाकलं की ऋतू बदलतो. ओट्यावर गॅस आहे, इंडक्शन आहे, सगळं आहे. तरी कोपऱ्यातली चूल दिवाळीनंतर जी पेटते, ती रथसप्तमीपर्यंत. निमित्त आंघोळीच्या पाण्याचं आणि भाकरीचं. वैलावर दुधाचं पातेलं, भिंतीवर काजळीची नक्षी, आणि चुलीसमोर पाटावर आमची सौ. बाजूला भिंतीला टेकून माझी आई, वय शहाऐंशी. धुराडं होतं, पण त्यात पारव्यांनी संसार मांडला. त्यामुळे धुराला मागच्या दारानंच जावं लागतं, आणि ते दार सताड उघडं. हा तपशील मी त्या वेळी नुसता बघितला. महत्त्व नंतर कळलं.

मी आरामखुर्ची चुलीपासून हातभर अंतरावर मांडली, पाय लांब केले, पेपर उघडला. पायाच्या बोटांना जीव येताना ज्या मुंग्या येतात, त्यासारखं सुख निवृत्तिवेतनातही नाही.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पाहुणा म्हणून खपवून घेतलं. दुसऱ्या दिवशी "पाय घ्या वर," "पेपर धरा तिकडं, जाळ लागंल," "जरा उठा, तिखटाचा डबा मागं हाय" अशा सूचना सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मांडीवर पेपराऐवजी दोन किलो वाटाण्याच्या शेंगांची पिशवी आली.

"हे काय?"

"वाटाणा."

"ते दिसतंय. माझ्याकडं कशाला?"

"नुसतं बसून काय करूलालाय? बसायचं तर सोला. नाही तर जावा की हॉलमध्ये."

मी बँकेतला माणूस. व्यवहार लगेच कळला. हे भाडं होतं. मग आजूबाजूला बघितलं तर ध्यानात आलं, की या खोलीत फुकट कुणीच बसलेलं नाही. आईच्या पुढ्यात लसणाचा ढीग. भांडी घासायला येणारी बाई शेकता शेकता संकेश्वरी मिरचीची देठं काढत होती. दूधवाली बाई रोज दोन मिनिटं हात शेकायला टेकते, ती जाता जाता दोन लाकडं सारून, फुंकर मारून जाते. ती कन्नड बोलते, आई मराठी. रोज सकाळी त्यांचं ठरलेलं संभाषण. ती म्हणते, "थंडी भाळ ऐत्री." आई म्हणते, "होय की गं, लई थंडी." सीमाप्रश्न कोर्टात पडून आहे, पण थंडीला दोन्हीकडं थंडीच म्हणतात.

दराचंही एक गणित होतं. चुलीसमोरची जागा सगळ्यांत महाग, तिथं वाटाणा नाही तर पावटा. खिडकीजवळ लसूण. दारात नुसतं उभं राहिलं तरी विहिरीवरची बादली. शेजारच्या पोर्शनमध्ये गोव्याच्या आंटी राहतात. त्यांच्याकडे नुसता गॅस, म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या नाताळच्या कुलकुलांचं पीठ मळून सरळ आमच्याकडे घेऊन येतात. काट्याच्या चमच्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखं कुलकुल होतं. त्या दोन दिवसांत उबेचं भाडं कुलकुलांत मोजलं जातं. मी दोनशे केली. आंटींनी त्यातली निम्मी न बोलता पुन्हा मोडून गोळा केला. सूट फक्त एका मांजराला, कारण त्याचं उंदरांचं खातं नियमित आहे.

आता, वाटाणा सोलायला माझी ना नव्हती. पण चौतीस वर्षं सह्या केलेला माणूस, देठं काढणाऱ्या बाईशेजारी बसून शेंगा सोलणार? मला वाटलं, आपण या विभागात सुधारणा घडवून आणली तर आपलं स्थान काही वेगळं राहील. वरिष्ठ सल्लागार वगैरे. त्या रात्री मी बेंगळुरूच्या कन्येला फोन लावला.

"बाबा, तुम्हाला किचन कोझी करायचंय," ती म्हणाली. "त्याला हुग्गं म्हणतात. डॅनिश लोकांचं असतं. ऊब, मेणबत्त्या, पिवळा उजेड, सगळे जवळ जवळ बसलेत, असं."

मी वाचलं. खरोखर असा शब्द आहे. डेन्मार्कातून निघाला आणि जगभर इतका फिरला, की २०१६ साली ऑक्सफर्डवाल्यांनी वर्षाच्या शब्दांच्या यादीत घेतला. मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाहीर केलं, "आपण इथं हुग्गं करणार आहोत."

आईनं लसूण खाली ठेवला. "हुग्गी?"

"हुग्गी नाही, आई. हुग्गं."

"तेच की रे. गहू आधी सडायला लागतात. काल सांगायला पायजे होतंस. आणि गूळ कुठला हाय घरात? निपाणीहून येणारा संपला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, हुग्गी म्हणजे आमच्या भागातली सडलेल्या गव्हाची, गुळाची, वेलदोड्याची घट्ट खीर. कन्नड घरांतून आमच्याकडे आली आणि परत गेली नाही. मी पंधरा मिनिटं डेन्मार्क समजावून सांगितला. आईनं शांतपणे ऐकलं आणि सुनेकडे वळून म्हणाली, "गहू भिजत घाल गं. त्याला हुग्गी खावीशी वाटूलालीय, सरळ सांगंना झालाय."

मी खडे बाजारातून तीन वस्तू आणल्या. पिवळ्या दिव्यांची माळ, एक केसाळ गालिचा आणि वासाच्या सहा मेणबत्त्या. दिव्यांची माळ फळीवरच्या डब्यांना गुंडाळली. पहिल्याच दिवशी हळदीचा डबा काढताना तूरडाळ, साखर आणि पोह्यांचा डबा माळेसकट वारकऱ्यांसारखे हात धरून खाली आले. गालिच्याला पांढरा रंग होता, म्हणून भाकरीचं पीठ दिसलं नाही. पाणी सांडल्यावर दिसलं. तो आता अंगणात वाळत आहे, आणि वाळताना कडक होत आहे. कुत्रंसुद्धा त्याच्यावर बसत नाही.

राहिल्या मेणबत्त्या. संध्याकाळी मी मोठा दिवा बंद केला, सहा मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांच्या तोंडावर तो सोनेरी उजेड पडला, आणि मी टाळीची वाट बघत बसलो.

"करंट गेलं काय रे?" आईनं विचारलं.

"गेलं नाही. मीच बंद केलंय."

"बिल भरलं न्हाईस?"

सुगंधाचा एक प्रयोग कन्येनं आणखी सुचवला होता. पातेल्यात पाणी, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. मंद आचेवर ठेवून द्यायचं, घरभर दरवळ. ते मी रविवारी ठेवलं, आणि रविवारीच निपाणीहून साडू आणि थोरल्या मेहुणीबाई आल्या. साडूंनी बोळातून आत येताच दोन्ही हात चोळले, पातेल्यावरचं झाकण उघडलं, वाटी भरली आणि उभ्या उभ्या प्याले. "काढा बरा झालाय," ते म्हणाले, "गूळ राहिला." मेहुणीबाई तोवर चुलीपुढं बसल्या होत्या. निपाणीच्या माणसाच्या पिशवीत काय असणार? त्यांनी लोखंडी तवा मागून घेतला आणि महिन्याची मिश्री भाजायला काढली. तंबाखू तापली, काळी पडायला लागली, आणि त्या वासापुढं दालचिनी, लवंग, डेन्मार्क, सगळं एका ठसक्यात संपलं. मांजर माळ्यावरून उतरून अंगणात गेलं. या हिवाळ्यात पहिल्यांदाच.

तरी मी हार मानली नाही. सरळ एका दुकानातून मॉड्युलर किचनवाला बोलावला. टाय घातलेला, तरतरीत मुलगा. त्यानं लाल दिव्याच्या यंत्रानं भिंती मोजल्या, लॅपटॉपवर चित्र काढून दाखवलं. पांढरी कपाटं, आवाज न करता मिटणारे ड्रॉवर, वर धूर ओढणारी चिमणी. सौ.नं हात पदराला पुसून चित्र नीट बघितलं.

"चांगलं हाय. ह्यात बसायचं कुठं?"

"बसायचं?" मुलगा गोंधळला. "मॅडम, किचनमध्ये कोण बसतं?"

त्या वेळी त्या खोलीत आई, भांडी घासणारी बाई, आंटी, दुधाची किटली घेऊन दूधवाली आणि मांडीवर पावटा घेतलेला मी, अशी पाच माणसं बसलेली होती. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं लॅपटॉप हळूच मिटला. आवाज न करता मिटला.

त्या मुलाचा दोष नव्हता. ही गोष्ट त्याच्या जन्माआधीची आहे. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुकार बाईनं फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. नमुना म्हणून समोर होतं रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर, जिथं एवढ्याशा जागेत शेकडो माणसांचं रांधतात. बाईचा हेतू चांगला होता. बायकांची पावलं वाचावीत, वेळ वाचावा. तिनं पावलं मोजली, हात कुठवर पोचतो ते मोजलं. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली. त्याआधी तिकडच्या गरीब घरांत शेगडी असेल तीच बसायची, जेवायची, कधी झोपायचीही खोली, कारण ऊब तिथंच. नव्या आखणीत एका माणसाला सगळं हाताशी आलं, आणि दुसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबानं खानसाम्याला बावीस पावलं लांब ठेवलं होतं. फ्रँकफुर्टात बाईला घरातच आणलं, पण एकटीला. आता मी हे सगळं सौ.ला ऐकवलं, तर ती म्हणाली, "एकटीला? एकटीला म्हणजे मधे कोण न्हाई?" आणि बराच वेळ चित्राकडं बघत राहिली. मी विषय बदलला.

संक्रांत जवळ आली. भोगीला बाजरीची भाकरी, वर तीळ. मी आता रोजचा गडी झालो होतो. वाटाण्यात मी तरबेज आहे, हे स्वतः सांगतो. शेंगेच्या पोटावर अंगठा दाबायचा, ती टच्‌ करून उघडते, आणि मग अंगठ्याच्याच एका फेरीत सगळे दाणे वाटीत. पहिल्या दिवशी दोन किलोंना दोन तास लागले होते, आता पन्नास मिनिटं. खात्यावर थकबाकी नाही. त्यामुळे चुलीसमोरची जागा माझ्या नावावर जवळजवळ कायम झाली होती, आणि तिथून मला भाकरी होताना समोरासमोर दिसायची.

बाजरीचं पीठ चिवट नसतं, त्याला ऊन पाणी लागतं आणि तळहाताच्या मुळानं रेटून रेटून मळावं लागतं. गोळा परातीत ठेवून ती थापायला लागते तेव्हा भाकरी आपोआप गोल फिरते. फिरवते तीच, पण कुठल्या बोटानं ते तेहतीस वर्षांत मला कळलेलं नाही. वर चिमूटभर तीळ, मग हातावर तोलून तव्यात. वरून पाण्याचा हात फिरतो. ते पाणी सुकायच्या आत उलटायची. शेवटी तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी करायची. मग ती एका बाजूनं श्वास घेतल्यासारखी फुगत जाते. फुगली की पापुद्रा फोडून आत लोण्याचा गोळा. निखाऱ्यांत भाजून सोललेली रताळी, शेंगांची चटणी, आणि आईसाठी हुलग्याचं माडगं.

त्या दिवशी दहावी भाकरी तव्यात पडली, आणि सौ.नं उलटणं खाली ठेवून डाव्या हातानं स्वतःची पाठ चोळली. मग पदर ओढून घेतला. पुन्हा चोळली.

"काय झालं?"

"काय न्हाई. पाठ गारठते."

"चुलीपुढं बसून?"

"तोंड भाजतं, पाठ गारठते. रोजचंच हाय. मागलं दार उघडं की."

मी उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. खरंच. मागच्या दारातून वारा असा सरळ येत होता, जसं काही त्याला तिच्याच पाठीचा पत्ता दिलाय. समोर निखारे, मागं अंगणातला जानेवारी. आम्ही पाच-सहा माणसं चुलीभोवती गोल करून बसायचो, म्हणजे आमच्या पाठीला भिंत आणि तोंडाला ऊब. दाराच्या रेषेत बसलेली एकच. तिथं बसल्याशिवाय जाळ घालता येत नाही, आणि दार लावलं तर धुरानं सगळ्यांचे डोळे जातात. ब्याण्णव सालापासून हे चालू होतं. मी हे स्वयंपाकघर कसं उबदार करावं यावर चार आठवडे विचार केला होता, एक गालिचा वाया घालवला होता, जर्मनीपर्यंत जाऊन आलो होतो.

दार अर्धं लावून बघितलं. दूधवाली खोकत बाहेर गेली. पारव्यांचं घरटं काढावं म्हटलं, तर आत पिल्लं होती, आणि आई ते होऊ देणार नव्हती. गोणपाट टांगला, तो वाऱ्यानं उडून आंटींच्या डोक्यावर बसला. वारा हवा तेवढ्या उंचीला अडेल, धूर वरून जाईल आणि जो स्वतःच्या वजनानं जागेवर राहील, असा एखादा जाडजूड आडोसा पाहिजे होता.

मग मी आरामखुर्ची उचलली. दाराच्या अलीकडे, तिच्या पाठीमागं, अंगणाकडे पाठ करून मांडली. शाल दुहेरी घेतली, माकडटोपी चढवली, बसलो. जागा चुलीपासून पार लांब आणि पाठीत भाल्यासारखा वारा, पण वजन ब्याऐंशी किलो आहे, त्याचा प्रथमच उपयोग झाला. आईनं एक नजर टाकली आणि लसणाचा पुढचा कांदा फोडला. सौ.नं मागं वळून बघितलं नाही. हात मागं करून फक्त वाटाण्याची पिशवी सरकवली.

मी पहिली शेंग फोडली. मांजर माळ्यावरून उतरलं, माझ्या मांडीचा अंदाज घेतला आणि शालीत शिरलं.

"अहो," ती चुलीकडं तोंड ठेवूनच म्हणाली.

"काय गं?"

"जरा डावीकडं सरका. कोपऱ्यातनं येऊलालाय."